एका दिवसाचा देश

हिवाळ्यासाठी कोबी-मुळ्याची लोणची रांजणात भरून ठेवायचे दिवस होते. सगळ्या हानयांग शहराला लसणीचा वास येत होता, आणि त्या वासातून टाक मानसुल नावाचा कारागीर पिवळा रंग आणायला निघाला होता. अनंताची वाळलेली फळं पाण्यात भिजत घातली की पिवळाधमक रंग सुटतो. नकाशातल्या देशांना तोच लावतात. काम म्हटलं तर हरकाम्याचं. पण मेंग गुरुजींच्या दुकानात हरकाम्या नव्हता, त्यामुळे एकोणीस वर्षं नकाशे रंगवलेला माणूस पिशवी घेऊन जडीबुटीवाल्याकडे चालला होता. हे त्याला टोचत होतं. तसं मानसुलला टोचणाऱ्या गोष्टींची वानवा कधीच नव्हती.

जडीबुटीवाल्यानं फळं बांधून दिली आणि विचारलं, "तुम्ही सेदोंगच्या दुकानातले ना हो?"

"मेंग गुरुजींच्या," मानसुल म्हणाला.

"तेच ते. काय अक्षर आहे हो त्या पोराचं! आमच्या पाटीवर दोन अक्षरं काढून दे म्हणावं, जन्मभर खोकल्याचं औषध फुकट."

ग्वांगतोंग पुलापर्यंत येईतो मानसुलच्या अंगाचा तिळपापड झाला होता. दुकान घातलं गुरुजींनी, त्यात पाठ मोडून घेतली यानं, आणि नाव कोणाचं? तर चार वर्षांपूर्वी दक्षिणेकडून एक गाठोडं घेऊन आलेल्या ओक सेदोंगचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्या दुकानात जग विकायला असे. गोल जग. मधोमध चीनचा मोठा मुलूख, त्याच्या कुशीला आपला कोरिया, तोही हवा त्यापेक्षा जरा मोठाच काढलेला, कारण आपलं घर कोण लहान काढतो? भोवती समुद्राचं कडं, त्याभोवती जमिनीचं कडं, पुन्हा समुद्र. आणि त्या बाहेरच्या कड्यात दूरदूरचे देश: छातीला आरपार भोक असलेल्या माणसांचा, आतडी नसलेल्यांचा, नुसत्या बायकांचा, कधीच न मरणाऱ्यांचा, आणि उत्तरेच्या कडेला कपाळाखाली एकच डोळा असलेल्या माणसांचा. पूर्वेच्या टोकाला सूर्य उगवायचं झाड, पश्चिमेच्या टोकाला मावळायचं. या देशांत कोणी गेलेलं नव्हतं आणि जाणारही नव्हतं. त्यांचं चित्रही नसे. एक लहानसं वर्तुळ, आत नाव. नाव लिहिलं की देश झाला. म्हणून या नकाशांत चूक निघायची ती फक्त अक्षरात, आणि मान असायचा तो नावं लिहिणाऱ्याला.

मानसुल लाटा काढायचा. माशाच्या खवल्यांसारख्या ओळींमागून ओळी, निळ्या, एकोणीस वर्षं. लाटा काढणाऱ्याला कोण विचारतो? त्याच्या बायकोला माहेरच्या गावावरून सगळे आन्सोंगवाली म्हणत. जेवायला वाढताना ती म्हणायची, "एकोणीस वर्षं पाण्यातच आहात. आता एकदा पोहून काठाला तरी लागा."

काठाला लागायचं म्हणजे नावांचा कुंचला हाती घ्यायचा. मानसुलनं रद्दी कागदांवर सराव करून बघितला होता. पण त्याच्या हातून कोंबडीचे पायच उमटायचे. आणि सेदोंग सव्वीस वर्षांचा, आस्तीन सावरून बसायचा, आणि अक्षरं अशी उतरायची की आधीपासून कागदात होती, यानं फक्त वरची धूळ पुसली. त्यात पोरगा स्वभावानं चांगला. मानसुलला 'दादा' म्हणायचा, त्याच्यासाठी भाजलेले चेस्टनट आणायचा. तो जरा वाईट असता तरी मानसुलचं अर्धं दुखणं बरं झालं असतं.

गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी दोघांना बसवून सांगितलं, "मंत्रीसाहेबांसाठीचा मोठा नकाशा त्यांना पसंत पडू दे. मग वर्षातला सर्वांत लहान दिवस येईल, त्या सणाला दिवेलागणीला मी माझा कुंचला सेदोंगच्या हातात देणार. मानसुल, तू मोठा आहेस. समजून घे."

"समजलं, गुरुजी," मानसुल म्हणाला. आतून जळून कोळसा झालेला माणूस दुसरं काय म्हणणार?

हे मंत्रीसाहेब निवृत्त झालेले, पुस्तकांत बुडालेले, आणि अक्षराच्या बाबतीत महा कडक. एक अक्षर चुकलं म्हणून त्यांनी एका लेखनिकाला अंगणात आडवा पाडून फटके द्यायला लावले होते, ही गोष्ट पुलावर सगळ्यांना ठाऊक होती. मानसुललाही होती.

मोठ्या नकाशावर नावं लिहून झाली आणि कागद लाटांसाठी मानसुलच्या पाटापुढे आला. भर दुपार होती. गुरुजी आतल्या खोलीत खालून तापवलेल्या जमिनीवर आडवे झाले होते. सेदोंग दारातून म्हणाला, "दादा, चला ना, गरम शेवया खाऊन येऊ."

"तू जा. समुद्र कोण भरणार?"

तो गेला. मानसुलनं नकाशा आपल्याकडे ओढला आणि बोट उत्तरेच्या कडेला नेलं. एक-डोळा देश. आता गंमत अशी की नकाशाच्या चिनी लिपीत 'डोळा' म्हणजे एक उभी चौकट आणि तिच्यात दोन आडव्या रेघा. त्यातली एक रेघ काढून टाकली की 'डोळा' जातो आणि उरतो 'दिवस'. 'ध'चा 'मा' करायला तिथं एवढंच लागतं. एक-डोळा देश की एक-दिवस देश. मंत्रीसाहेबांची नजर पडायचा अवकाश, सेदोंगच्या पाठीची सालटी निघाली असती.

तो कागद कुटून, घोटून चामड्यासारखा केलेला असतो. शाई वरच्या वर बसते. चुकलं तर पातळ चाकूनं खरवडायचं आणि रानडुकराच्या सुळ्यानं घोटून जागा गुळगुळीत करायची, ही रोजची रीत. मानसुलनं चाकू टेकवला. खरवडल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. त्याऐवजी कोणीतरी अगदी जवळ, दात आवळून, श्वास आत ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. कागदी खिडकीतला उजेड पापणी लवावी तसा एकदा गेला आणि परत आला. जळक्या केसांचा वास सुटला. रेघ निघाली होती. शाईची पूड त्यानं फुंकली, मग जमिनीवर शोधली. ती कुठंच नव्हती. त्यानं जागा घोटली, वर पिवळ्याचा हलका हात मारला आणि लाटा काढायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच गुरुजी नकाशा घेऊन मंत्रीसाहेबांकडे गेले.

त्याच सकाळी सेदोंग दुकानाच्या दारात येऊन थबकला.

"हे मेंग गुरुजींचं दुकान का?"

"नाही, राजवाडा आहे," मानसुल म्हणाला. "ये, सिंहासन रिकामंच आहे."

सेदोंग हसला नाही. कंबरेत वाकून म्हणाला, "मी ओक सेदोंग. मी झोपलो होतो तिथली खाणावळवाली बाई म्हणाली की मी इथं नावं लिहितो. आपण?"

मानसुलनं हातातला कुंचला खाली ठेवला. याला कळलं! कळलंय, आणि आता हा मला खेळवतोय. पण सेदोंगच्या चेहऱ्यावर खेळ दिसत नव्हता. तो नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलासारखा सगळीकडे बघत होता. भिंतीला लावलेल्या अर्धवट नकाशापुढे जाऊन उभा राहिला.

"या लाटा कोणी काढल्या?"

"का?"

"हलताहेत. पाय मागे घ्यावासा वाटतो. मोठा हात आहे हा."

एकोणीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. मानसुलला आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचा राग आला. थट्टा करतोय लेकाचा, असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी मंत्रीसाहेबांचा माणूस नकाशा घेऊन परत आला, आणि मानसुल कान टवकारून बसला. माणूस म्हणाला, "साहेब फार खूश आहेत. म्हणाले, इतके नकाशे पाहिले, पण एक-दिवस देश कुठेच नव्हता. हा शोधून काढणारा लेखक कोण? त्यांच्या मित्रांसाठी याच्या दहा प्रती हव्यात. सणाच्या दिवशी आणून द्या."

गुरुजी गोंधळले. "सेदोंग, असा देश तू लिहिलास?"

सेदोंगनं नाव निरखलं. "अक्षर माझंच आहे. म्हणजे असेल तो देश."

"वा!" गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कोणत्या जुन्या पोथीत सापडला रे तुला?"

मानसुलनं ओठ चावला. खड्डा खणला यानं, आणि त्यातून दुसऱ्याला मोहरांचा हंडा लागला! हे त्याचंच काम होतं, त्याच्याच चाकूचं, आणि तो ते कोणाला सांगूही शकत नव्हता. त्या रात्री तो जेवला नाही.

सेदोंग मात्र रोज सकाळी नव्यानं येत राहिला. हातात आपल्याच अक्षरातली चिठ्ठी असायची: मेंग यांचं दुकान, पुलापासून तिसरं, नावं लिहायची. रोज तो वाकून म्हणायचा, "मी ओक सेदोंग. आपण?" आणि रोज त्या लाटांपुढे उभा राहून विचारायचा, या कोणी काढल्या. गुरुजी म्हणायचे, "कलावंत माणूस. थोडा विसरभोळा असायचाच." मानसुल मनात म्हणायचा, माझा एक कुंचला धुवायचा राहिला तर घर डोक्यावर घेता, आणि हा रोज माझं नाव विचारत आला तरी कलावंत!

पण मत्सरी माणूस दुसऱ्याकडे फार बारकाईनं बघतो. म्हणून जे मोतीबिंदूवाल्या गुरुजींना दिसलं नाही ते मानसुलला दिसलं. भर दुपारी सेदोंगचा हात कधी नव्हे इतका पक्का चालायचा. उन्हं कलली की थरथरायला लागायचा. एकदा दिवस मावळता मावळता तो कुंचला धुवायला वाकला आणि त्याच्या मानेची कातडी सैल होऊन लोंबलेली मानसुलनं पाहिली. कानशिलावरचे केस पांढरे होते. "येतो हं," तो म्हणाला, आणि त्या आवाजात दात नव्हते.

"सेदोंग, तुला सर्दी झालीय का रे?" गुरुजी आतून म्हणाले.

मानसुल त्याच्या मागोमाग निघाला. अजून संधिप्रकाश होता. पुढे चाललेला माणूस भिंतीला हात लावत, थांबत थांबत खाणावळीत शिरला आणि मागच्या खोलीचं दार त्यानं ओढून घेतलं. खाणावळवाली बाई चुलीपाशी भांडी घासत होती. मानसुलला बघताच तिनं हात पुसले आणि जवळ आली.

"तुमच्या त्या सेदोंगकडे पाहुणा आलाय का हो?" ती हळूच म्हणाली.

"कसला पाहुणा?"

"रोज संध्याकाळी एक म्हातारा येतो... त्या खोलीत जातो. सकाळी पोरगा बाहेर पडतो, मला विचारतो, बाई, मी कोण... म्हाताऱ्याला बाहेर पडताना मी अजून बघितलेलं नाही." तिनं त्या दाराकडे बोट दाखवलं. "आणि दाराशी जोडा एकच असतो. कायम एकच."

दोघंही त्या दाराकडे बघत राहिले. दाराच्या कागदाआड दिवा नव्हता. आतून कोणीतरी फार हळू, शब्द जुळवत, काहीतरी लिहीत असल्याची कुरकुर ऐकू येत होती. मग तीही थांबली.

घरी येताना मानसुलनं जुळवून बघितलं: पोरगा आणि म्हातारा एकच. त्याला सगळं कळलं होतं, आणि काय करायला हवं तेही कळलं होतं. मूळ नकाशा प्रतींसाठी दुकानातच पडला होता. एक रेघ ओढायची, बस्स. पण रेघ ओढली की सेदोंग पूर्वीसारखा होणार, आणि पूर्वीसारखा सेदोंग म्हणजे कुंचल्याचा मालक. उद्या बघू, असं त्यानं ठरवलं. आणि रोज सकाळी तो पोरगा येऊन लाटांपुढे उभा राहायचा, तेव्हा मानसुलच्या मनाला इतका गारवा वाटायचा की उद्यावरची गोष्ट परवावर जायची.

मग लहान दिवसाचा सण आला. रात्री बर्फ पडून गेलं होतं. त्या दिवशी घरोघर लाल चवळीची दाट पेज करतात आणि खायच्या आधी दाराच्या चौकटीवर शिंपडतात, म्हणजे भूतपिशाच्च आत येत नाही. गुरुजींनी पळी मानसुलच्या हातात दिली. "तूच शिंपड. मी प्रती घेऊन मंत्रीसाहेबांकडे जातो. दिवेलागणीला येईन. तोवर दोघंही इथं हजर असा. सेदोंग कितीही विसरला तरी हात त्याचाच आहे. कुंचला त्याचाच."

मानसुलनं चौकटीवर पेज उडवली. गुरुजी गेले आणि थोड्या वेळानं बर्फातून सेदोंग आला. दाराशी आला आणि थांबला.

"मी ओक सेदोंग," तो म्हणाला. "आत येववत नाही... दाराला काय लावलंय?"

"पेज. सणाची."

"चांगली आहे." तो अर्धं पाऊल मागे सरला. त्याचं तोंड लहान पोरासारखं कोवळं होतं, आणि त्यावर पहिल्यांदाच भीती दिसत होती. त्यानं बाहीतून चिठ्ठी काढली. आज ती लांबलचक होती. "लाटा काढणारे आपणच का?"

"हो."

"मग हे आपल्याला वाचून दाखवायचंय." तो वाचू लागला. "'प्रती करताना मूळ नकाशा उजेडात तिरपा धरला. उत्तरेच्या कडेला एक-दिवस देश नाही. तो एक-डोळा देश आहे. त्यातली एक रेघ खरवडलेली आहे. रेघ माझी होती. ती गेली तेव्हापासून मला काल नाही. कोणी खरवडली ठाऊक नाही. स्वतः ओढायला गेलो तर माझी शाई त्या जागी धरत नाही. लाटा काढणाऱ्याला सांग. तो चांगला माणूस आहे. त्याला दादा म्हणायचं.'"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे घरात बसून पेज खात होते.

"दादा," सेदोंग म्हणाला. "एक रेघ ओढा. त्या रेघेत माझा उद्या आहे."

मानसुल आत गेला. पाटापुढे बसला. नकाशा उलगडला, शाई उगाळली, कुंचला उचलला. एक रेघ. पोरंसोरंही ओढतात. त्यानं कुंचला त्या चौकटीवर नेला आणि तिथंच धरला. दिवेलागणीला गुरुजी येणार. हा आत येणार, वाकणार, आणि एकोणीस वर्षांचा घाम त्याच्या ओंजळीत पडणार. सगळं पुन्हा होतं तसं. पुन्हा अनंताची फळं, पुन्हा जडीबुटीवाला.

"झालं का, दादा?"

"शाई जरा पातळ झालीय. थांब."

बाहेर बर्फात पावलं वाजत होती. पुढे-मागे, पुढे-मागे. मानसुलनं कुंचला खाली ठेवला, पुन्हा उचलला. खिडकीवर ऊन आलं आणि सरकलं. त्या दिवशी ऊन असं किती असणार? सेदोंगला खोली गाठण्याइतकंही नसणार.

"झालं का, दादा?" आवाज आता भारी, भरलेला होता. चाळिशीचा. मानसुलच्याच वयाचा.

"बारीक कुंचला सापडत नाहीये."

"बरं... सावकाश होऊ द्या."

तो चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, दगड मारला असता, तर मानसुलनं कदाचित रेघ ओढलीही असती. पण तो नुसता चालत होता. पावलं हळूहळू जवळ जवळ पडू लागली. मग घासत. खिडकीचा कागद तांबूस झाला, मग राखाडी.

"दादा..." आता नुसता वारा होता. "उजेड कमी झालाय... बघा ना, झालं का..."

मानसुलनं कानांवर हात ठेवले. हात काढले तेव्हा बाहेर काही वाजत नव्हतं. तो दाराशी गेला. बर्फात दारासमोर एक पायवाट तुडवली गेली होती. तिच्यात सकाळचे ठसे लांब टांगांचे होते, दुपारचे त्याहून जवळ, आणि शेवटचे एकमेकांना चिकटून, बोटभर अंतरावर. शेवटचा ठसा उंबऱ्याकडे तोंड करून होता. तिथून कोणी कुठं गेलं नव्हतं.

गुरुजी आले, दिवा लागला, पेज निवून घट्ट झाली. सेदोंग आला नाही. शेजारचा माणूस पाठवला तर खाणावळवाली म्हणाली, आज संध्याकाळी म्हातारा आलाच नाही. गुरुजींनी रस्त्याकडे कान देऊन बघितलं. मग त्यांनी चाचपडत कुंचला उचलला आणि मानसुलच्या हातावर ठेवला.

काय आनंद झाला असेल! झालाच. खोटं का बोला? आन्सोंगवालीनं नवा अंगरखा शिवला. मानसुलनं पहिला कागद पुढे घेतला, आस्तीन सावरली आणि कधीच न मरणाऱ्यांचा देश लिहिला. अक्षर सुरेख आलं. इतकं सुरेख की तो दचकला. पुढचं नाव लिहिलं, त्याच्या पुढचं. तो उभी रेघ काढत होता, पण तिला डौल दुसऱ्याच कोणाचा येत होता. गुरुजी जवळ आले, कागदाला नाक लावून त्यांनी बघितलं आणि त्यांचे डोळे भरले.

"सेदोंग," ते म्हणाले, "आलास का रे?"

मानसुलनं कुंचले बदलले, शाई बदलली, मुद्दाम वेडंवाकडं लिहून बघितलं. वेडंवाकडंही सेदोंगसारखंच उमटलं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, सेदोंगचा हात तो सेदोंगचा हात. माणूस नाहीसा झाला होता आणि तरी त्याचं कौतुक संपत नव्हतं, उलट वाढतच चाललं होतं, आणि ते वाढवत होता मानसुलच, रोज, पाठ मोडून. जिवंत माणसाचा हेवा करता येतो, त्याच्या वाटेत काटे तरी पेरता येतात. याचं काय करायचं?

एकच जागा त्यानं सोडली होती. उत्तरेच्या कडेचं ते वर्तुळ तो रिकामं ठेवायचा. एक-डोळा नाही, एक-दिवस नाही, काही नाही. पण सकाळी दुकान उघडावं तर वर्तुळात नाव असायचं. एक-दिवस देश. शाई ओली, चकाकणारी. आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याचं स्वतःचं. दुपारपर्यंत ते काळंभोर राहायचं, उन्हं कलली की करडं पडायचं, आणि दिवा लावेपर्यंत कागद कोरा. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओलं.

त्याला आधी भीती वाटली. पण माणूस कशालाही सरावतो. काही दिवसांनी तो सकाळी लवकर येऊन त्या वेड्यावाकड्या नावाकडे बघत बसू लागला. सगळ्या जगात तेवढंच त्याचं होतं.

वसंतात एका सकाळी आन्सोंगवाली त्याचा डबा घेऊन दुकानात आली. भिंतीवरचा नकाशा बघून तिनं गालाला हात लावला. "अगंबाई! काय अक्षर हो तुमचं! हुबेहूब त्या सेदोंगसारखं."

मानसुलच्या डोक्यात सणक गेली. त्यानं तिचं मनगट धरून तिला नकाशाजवळ ओढलं. "हे बघ. इथं, वरती. हे माझं. हे त्याचं नाही, कळलं? हे माझ्या हातचं आहे."

ती वाकून बघू लागली. "हे? हे तर लहान पोरानं..." त्याचा चेहरा बघून ती थांबली. "बरं, तुमचं. आत्ताच लिहिलंत का? ओलं दिसतंय."

"हात लावून बघ," तो म्हणाला. "लाव. माझी शाई आहे ती."

तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवलं. बोटाला काळं लागलं, तिनं ते घागऱ्याला पुसलं आणि ती घरी गेली.

संध्याकाळी ती भात वाढत होती. मानसुलचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं आणि घास तोंडाशीच राहिला. ते एक बोट सुरकुतलं होतं, ऐंशी वर्षांच्या म्हातारीचं असावं तसं, नख पिवळं, पेर वाकडं. "दुखतं का?" त्यानं विचारलं. "नाही हो," ती म्हणाली, "काही कळतच नाहीये त्यात." सकाळी उठून बघतात तर बोट मऊ, गुलाबी, तान्ह्या बाळाचं. दोघांना हायसं वाटलं. ती चूल पेटवायला बसली, लाकडं सारली, आणि बाकीची चार बोटं मागे राहिली तरी ते एक बोट सरळ पुढे गेलं आणि लाल निखाऱ्यावर टेकलं. ती किंचाळली. संध्याकाळी ते फोडासकट म्हातारं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोड नव्हता, वणही नव्हता. मग ती मूठ आवळून बसू लागली, हाताला फडकं गुंडाळू लागली, डाव्या हातानं चूल सारू लागली. पण त्या बोटाला निखारा म्हणजे काय हे ठाऊकच नसायचं. रोज सकाळी ते फडक्यातून वाट काढत निखाऱ्याकडे जायचं, आणि रोज पहिल्यांदाच भाजायचं.